भिंतीला सुटलेला घाम

“चाटलंत? मामा, तुम्ही ते चाटलंत?”

इंजिनिअरबाई जागच्या जागी थिजल्या. थापीमामांचं बोट अजून ओठांपाशीच होतं. समोर कोठाराची जाड काँक्रीटची भिंत होती. तिच्याआड किरणोत्सारी कचऱ्याची पिंपं, आणि तिच्या बाहेरच्या अंगावर पाण्याचा ओघळ.

“गवंड्याची सवय हो, बाई. ओल दिसली की जिभेला लावायची. नळाचं की भिंतीतलं, लगेच कळतं. हे चुन्याचं लागतंय.”

“किरणोत्साराला चव नसते, मामा!”

तेव्हा कुठे मामांचा चेहरा उतरला. आयुष्य लोकांच्या घरांच्या भिंती दुरुस्त करण्यात गेलं होतं. या भिंतीशी ते त्याच सलगीनं वागले होते.

त्यांनी पुन्हा पुन्हा चुळा भरल्या. अंगावरून फिरवलेलं किरणोत्सार मोजायचं यंत्र गप्प राहिलं, पण बाईंचं त्यावर समाधान झालं नाही. काही प्रकार या यंत्राला कळत नाहीत, म्हणाल्या. ओघळाचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि मामांच्या हातात एक रिकामी बाटली आली. ती भरून देताना त्यांना कधी नव्हे ती लाज वाटली.

नंतर ते पायरीवर बसून राहिले. बाई चार हात लांब उभ्या राहून फोन करत होत्या. मामांचाही फोन वाजला. बायको होती.

“नातीला शाळेतून आणताय ना?”

“आज तूच जा.”

“का हो? आवाज का असा?”

“चूळ भरत होतो.”

“भर दुपारी?”

“अगं, काम आहे. ठेव.”

बऱ्याच वेळानं बाई जवळजवळ पळतच आल्या.

“काही नाही, मामा! दोन्ही नमुने स्वच्छ. भिंतीचंच पाणी आहे.”

“भिंतीचं?”

“आतली पिंपं गरम असतात. काँक्रीटमधली ओल त्या उष्णतेनं गार बाजूला, म्हणजे बाहेर सरकते. एरवी वाऱ्यावर वाळून जाते, कुणाला पत्ताही लागत नाही. यंदा पाहुणे येणार म्हणून आपण भिंत रंगवली. ओल रंगामागे कोंडली, फुगा आला आणि फुटला.”

“रंग मी मारला. चांगले दोन हात.”

“आणि मारा म्हणून मी सांगितलं. उद्या सगळा खरवडून काढू.”

मामा उठायला गेले. पुन्हा खाली बसले.

“पाय थरथरताहेत तुमचे.”

“वारं गार सुटलंय.”

झाडाचं पानही हलत नव्हतं. बाई शेजारी येऊन टेकल्या, पिशवीतून थर्मास काढला आणि झाकणात चहा ओतून मामांपुढे धरला. मामांनी दोन घोट घेतले, झाकण परत केलं. मग घाईघाईनं म्हणाले, “थांबा, विसळून आणतो.”

बाईंनी उरलेला चहा तसाच तोंडाला लावला.