पलंग कुठे आहे

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये त्या शुक्रवारी दोन रांगा होत्या. एक पिरोगींची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांची. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, त्यामुळे चर्चच्या बायका सकाळपासून बटाट्याचं सारण भरत बसल्या होत्या आणि तळलेल्या कांद्याचा वास पार रस्त्यापर्यंत जात होता. दुसरी रांग बर्नीच्या टेबलापुढची. बर्नीने सगळी नोकरी कापडगिरणीत कामगारांच्या पगाराचे हिशेब करण्यात घालवली होती आणि आता एप्रिलमध्ये तो टाउनशिपच्या, म्हणजे शहराला लागून असलेल्या गावाच्या लोकांना स्थानिक कराचे कागद फुकट भरून द्यायचा. पिरोगींची रांग हसतखेळत पुढे सरकत होती. बर्नीची जागची हलत नव्हती.

लोरेटा योचम चिप्सच्या कारखान्यातली पाळी संपवून थेट आली होती. केसांवरची जाळी काढायचीही राहिली होती. तिचा नंबर लागला तेव्हा तिने पर्समधून पत्र काढलं आणि टेबलावर आपटलं.

"बस आधी," बर्नी म्हणाला.

"बसते. तू वाच."

टाउनशिपने कर गोळा करायला जी कंपनी नेमली होती, तिचं पत्र होतं. चार वर्षं तुमच्या कमाईवरचा कर टाउनशिपला मिळालेला नाही. महिनाअखेरपर्यंत हिशेब दिला नाही, तर पुढे तुमच्या पगारातून परस्पर कापून घेऊ.

"कापला जात नव्हता का?" बर्नीने विचारलं.

"दर पगाराला कापतात. शहराला जातो. लग्न करून आले तेव्हापासून शहरालाच जातोय. आणि पगाराला हात लावला तर आमची फोरवुमन अख्ख्या कारखान्याला सांगेल. मी आजवर कुणाचा पैसा बुडवलेला नाही, बर्नी."

बर्नीने चष्मा कपाळावर ढकलला. लोरेटाचं घर त्याला ठाऊक होतं. कोलव्हेल शहर आणि ब्रायर्स टाउनशिप यांच्यामधली रेषा त्या गल्लीतल्या चारपाच घरांच्या पोटातून जायची. लोरेटाचं स्वयंपाकघर आणि त्याच्या डोक्यावरची माडीची खोली शहरात, पुढची बैठकीची खोली टाउनशिपमध्ये. अशा घरातला माणूस कुणाचा, हे तिकडे जुन्या वहिवाटीने ठरायचं: त्याचा पलंग ज्या बाजूला, त्या बाजूचा.

"यांना तुझा पत्ता कसा लागला?"

"हिवाळ्याआधी टाउनशिपने कागद पाठवला होता. झोपण्याची जागा कोणती, केव्हापासून, असं होतं त्यात. मी लिहिलं, पुढची खोली, मायलोच्या आजारपणापासून."

मायलो म्हणजे तिचा नवरा. बर्नीने पत्र खाली ठेवलं. "खरं लिहिलंस?"

"मग काय लिहायचं असतं?"

"अगं, रेषेवरची माणसं आपल्याला सोयीचं काय त्याचा हिशेब करून लिहितात. तुमच्या गल्लीतल्या झर्बने पाहणीच्या दिवशी पलंग कोठीच्या खोलीत टाकला होता. लोणच्याच्या बरण्यांमध्ये. साहेब गेल्यावर पुन्हा बाहेर."

मागे उभा असलेला एक जण हसला. लोरेटाने मान वळवून पाहिलं, तसा तो पिरोगींच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

"हे बघ," बर्नी आवाज खाली आणून म्हणाला, "सोपं आहे. चुकून लिहिलं, मी माडीवरच झोपते, एवढं लिहून सही कर. मग तू शहराची. शहराला कर गेलेलाच आहे. हे पत्र इथेच मेलं."

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर टाउनशिपला चारही वर्षांचे भरायचे. मग शहराकडे जाऊन तुमच्याकडे चुकून गेलेले परत द्या म्हणायचं. शहर काय म्हणेल ते मला विचारू नकोस."

लोरेटा पत्र उचलून उठली. "मी त्यांनाच विचारते."

शहराच्या कचेरीत काचेमागे डार्लीन नावाची मुलगी होती. गोड बोलायची. लोरेटाचं सगळं तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाई, परत देऊ की. फक्त टाउनशिपला भरल्याची पावती आधी आणा."

"म्हणजे आधी मी पदरचे भरायचे."

"हो. नाहीतर तुम्ही तिथल्या आहात हे आम्हाला कसं कळणार?"

"घरी येऊन बघ ना. पुढच्या खोलीत कॉट आहे. वर नुसती गादी पडलीय, तिच्यावर हिवाळ्याचे कोट."

"आम्ही घरी येत नाही, बाई. पावती लागते." डार्लीनने समोरच्या पडद्यावर काहीतरी पाहिलं आणि तिचा आवाज आणखी मऊ झाला. "आणि तीन वर्षांचेच मिळतील. त्याच्या मागचं मिळत नाही. मुदत गेली."

"मग पहिल्या वर्षाचे?"

"ते गेले."

"गेले कुठे? तुमच्याकडेच आहेत ना?"

डार्लीनने इकडेतिकडे पाहिलं. मग काचेला तोंड लावून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "एक सुचवू का? त्या पहिल्या वर्षी मी माडीवरच झोपत होते, असं लिहा. नंतर खाली आले म्हणा. तेवढं एक वर्ष आमचं, बाकीची त्यांची. कुणाचंच नुकसान नाही."

लोरेटाने काचेवर हात टेकला. ते पहिलं वर्ष म्हणजे मायलोचं शेवटचं. जिना चढणं त्याला जमेना, तेव्हा दोन माणसांनी दवाखान्याची लोखंडी कॉट आणून पुढच्या खोलीत लावली होती. पावसाळी हवेत त्याच्या छातीत खाणीत राबताना साठलेली सगळी धूळ जागी व्हायची. ती शेजारी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन पडायची आणि त्याचा श्वास अडकला की उठून त्याला बसवायची. तो गेल्यावर कॉट परत नेली, पण तिचे पाय वर जायला तयार होईनात. तिने तिथेच स्वतःची कॉट टाकली.

"त्या वर्षी मी वर झोपत होते, असं लिहू?" ती म्हणाली. "माझा नवरा खाली मरत होता, मुली."

डार्लीनचा चेहरा उतरला. "मला माहीत नव्हतं, बाई."

"नसणारच. तुमच्या कागदावर फक्त पलंग विचारतात."

ती परत हॉलमध्ये आली तेव्हा पिरोगी संपल्या होत्या, बायका पातेली घासत होत्या आणि बर्नी खुर्च्या एकावर एक चढवत होता. त्याने तिचं तोंड पाहिलं आणि एक खुर्ची पुन्हा खाली काढली.

"तीनच वर्षांचे," ती म्हणाली. "आणि ते पण आधी इथे भरून."

"वाटलंच मला. मग काय, एका वर्षापुरतं माडीवर झोपायचीस असं लिहूया का?"

"तुम्हा दोघांना एकाच मास्तरने शिकवलंय का रे?"

"लोरेटा, त्या वर्षाचा कर तू दोनदा भरणार. मायलो असता तर त्याने मला चांगलं झापलं असतं, बायकोला लुबाडू दिलंस म्हणून."

"असता तर झापलं असतं. पण तो नाही, आणि मी वर होते असं माझ्या सहीने लिहून ठेवणार नाही. काढ कागद."

बर्नीने वाद घातला नाही. एकेका वर्षाचा कागद भरत गेला, ती सही करत गेली. पहिल्या वर्षाच्या सहीला पेन इतकं दाबलं की कागद फाटतो की काय असं वाटलं. मग तिने चेक लिहिला. सुट्टीच्या दिवसांतल्या जादा पाळ्यांचे पैसे जमवलेले होते, ते त्यात गेले. शिव्या द्यायच्या होत्या तिला, पण समोर बर्नी होता, आणि त्याचा यात काही दोष नव्हता. तरी एक शिवी तिने दिलीच, त्या रेषेला.

"झालं," बर्नी म्हणाला. "पगाराला आता कुणी हात लावणार नाही. सोमवारी पावती मिळेल, ती घेऊन शहरात जा."

"त्या पहिल्या वर्षाच्या कागदावर लिही, मी खाली का होते ते."

"त्याला इथे जागा नाही गं. हे कुणी वाचतही नाही."

"मागची बाजू कोरी आहे ना?"

बर्नीने कागद उलटा केला, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ती सांगेल तसं लिहायला लागला.