मागावरचा पाय

दुपारच्या शांत घरात धाग्याची कांडी हातमागावरून टपकन खाली पडली आणि फरशीवर घरंगळत गेली. दामिनी जागच्या जागी थिजली. तिचा उजवा पाय मागाच्या आडव्या दांड्यावर होता, ताठ, टाच टेकलेली.

कोपऱ्यातल्या चटईवर सासूबाईंनी, रत्नाबाईंनी डोळे उघडले.

"पाय काढ."

दामिनीने पाय काढला. मोहाडीच्या या विणकर घरात येऊन तिला पाच वर्षं झाली होती, आणि पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं होतं : माग म्हणजे देव. पाय फक्त खालच्या पावड्यांवर, पायाने दाबायच्या पट्ट्यांवर, तेही विणताना. वरच्या लाकडाला कधीच नाही. पण तो दांडा नेमका कमरेच्या उंचीचा होता. नागपूरला कॉलेजात असताना ती तीन वर्षं बॅले शिकली होती, आणि तिथल्या भिंतीवरचा, पाय टेकवून सराव करायचा बारही एवढ्याच उंचीवर असायचा. दांडा हाताने धरता धरता आज पाय कधी वर गेला, तिलाच कळलं नाही.

तिने दांड्याला हात लावून तो कपाळाला लावला. "चुकलं, आई."

"उदबत्ती लाव. आता आज मी विणत नाही."

उदबत्ती लागली. चार वाजले होते. नागपूरच्या, बॅले शिकवणाऱ्या मॅडमना दर शनिवारी लहान मुलींना शिकवायला कोणीतरी हवं होतं, आणि पाच वाजेपर्यंत दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा होता. मागच्या व्हिडिओवर त्यांनी दोनच गोष्टी लिहिल्या होत्या : गिरकीत तोल जातो, आणि चेहरा रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखा दिसतो. ही संधी गेली तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं.

दामिनीने तांदळाच्या डब्याला फोन टेकवला. एका पायावर उभी राहिली, फिरली. दुसऱ्या फेरीत कलंडली. पुन्हा फिरली, पुन्हा कलंडली. नजर स्थिर ठेवायला तिने भिंतीवर एक टिकली चिकटवली होती, पण भीतीने डोळे पायांकडेच जात होते.

"खाली काय पाहून राहिली?" रत्नाबाई म्हणाल्या. राग अजून आवाजात होता. "पैसे पडले का तुहे?"

"पाय चुकला तर पडीन नं, आई."

"मी चाळीस वर्षं विणून राहिली. पावडीकडे पाहतो का मी? पायाले त्याचं काम समजते. पाहाचं समोर."

"समोर टिकली हाय."

"टिकली काय बोलते तुह्यासंग? माह्याकडे पाह."

रत्नाबाई उठून फोनच्या मागे, मागाला टेकून बसल्या. दामिनीने त्यांच्याकडे पाहिलं आणि फिरली. मान वळली तशी पुन्हा तोच चेहरा सापडला, कपाळावर आठ्या. दुसरी फेरी, पुन्हा तोच चेहरा. आता एक भुवई वर. तिसऱ्या फेरीला रत्नाबाईंनी तोंडातला सुपारीचा तुकडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला, अगदी गंभीरपणे, परीक्षा घेणाऱ्या साहेबासारखं. दामिनीला हसू आलं. ते आवरायला वेळ नव्हता, पाय फिरत होते. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, हातांतही उतरलं. ती थांबली तेव्हा दोन्ही पायांवर नीट उभी होती.

"झालं?" रत्नाबाईंनी विचारलं.

"झालं."

"मंग च्या मांड. आन् त्या मॅडमले हे नोको सांगजो, का मागावर पाय देल्ता म्हणून."

"आन् शनिवारी खुशबूले कोण पाहीन?" आतल्या खोलीत झोपलेल्या लेकीकडे पाहत दामिनीने विचारलं.

"ते मी पाहतो. तू पयले तं निवडून ये."

पावणेपाचला दामिनीने व्हिडिओ पाठवला. झोपेतून उठलेली चार वर्षांची खुशबू येऊन मांडीत बसली आणि तिने फोन ओढून घेतला. व्हिडिओ एकदा पाहिला. मग पुन्हा लावला. हसण्याच्या जागी तिने बोट ठेवून चित्र थांबवलं, फोनमधल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"मम्मी, अशी तू माह्यासंग काहून नाही हासत?"