गायकरांच्या गाडीचं ॲव्हरेज

रघुनाथ गायकरांनी अंबरनाथच्या ऑर्डनन्स कारखान्यात चौतीस वर्षं एकच काम केलं. हातात गेज घ्यायचं आणि समोर आलेल्या तुकड्याचं भोक तपासायचं. गेजला दोन टोकं. एक 'गो', दुसरं 'नो-गो'. गो आत गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. एवढं जमलं की माल पास, नाहीतर भंगार. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी सवय सुटली नव्हती. सून पहिल्यांदा उंबऱ्यात उभी राहिली तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं काही निरखून पाहिलं होतं की माधवी अजून म्हणते, "बाबांनी मला गेज लावूनच आत घेतलं."

त्यांची गाडी मात्र कुठल्याच गेजात बसत नव्हती. तेरा वर्षांची, निळी, आणि प्यायला बसली की उठायचं नाव नाही. लिटरला बारा किलोमीटर. त्यात गायकर दुसऱ्या गिअरच्या वर जाणं म्हणजे उधळेपणा समजत आणि डावा पाय क्लचवरून काढणं म्हणजे बेसावधपणा. पेट्रोलच्या खर्चाचं मुलगा अमित बघायचा. एका रविवारी जेवताना त्याने सांगून टाकलं, "बाबा, दिवाळीपर्यंत पंधरा दिलं तर ठेवू. नाहीतर विकायची. मावशीकडे शेअर रिक्षाने जा."

मावशीचं गाव बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या वाटेवर. शेअर रिक्षा बदलापुरात सोडणार, तिथून दुसरी मिळाली तर मिळाली. गायकरांच्या बायकोचे, कमळाबाईंचे, गुडघे हे ऐकूनच दुखायला लागले. गायकरांचा हात नुसता खिशातल्या चावीवर गेला. खिशात चावी असली की माणूस सत्तरीतही कुठेतरी निघालेला असतो. चावी गेली की तो खाली बाकावर बसलेल्या पाच म्हाताऱ्यांतला सहावा. ते बाक गायकरांना खिडकीतून रोज दिसायचं.

तोडगा काढला साडूने. जयदेव म्हणजे मावशीचा नवरा. जमिनीला भाव आल्यापासून त्याच्याकडे टेकडीएवढी गाडी होती आणि प्रत्येक गोष्टीवर मत होतं.

"रघुदादा, तुम्ही गाडीला रेशनचं घालताय. प्रीमियम पाजा, प्रीमियम. पंच्याण्णव ऑक्टेन. परवा मी चावी काढून जेवायला बसलो. दोन भाकऱ्या खाल्ल्या, हात धुऊन बाहेर येतो तर इंजिन अजून चालू."

"ॲव्हरेज किती देते?"

"आपण मोजत नाही."

"मग कळतं कसं?"

"तब्येतीवरून कळतं, दादा. हॉर्नसुद्धा जाड झालाय."

अमितने घरी आल्यावर सगळ्यावर पाणी फिरवलं. "ऑक्टेन म्हणजे ताकद नाही हो. पेट्रोल सिलिंडरमध्ये वेळेआधी पेटू नये, इंजिनाने ठकठक करू नये, एवढ्यासाठी ते असतं. मोठ्या दाबाच्या इंजिनाला लागतं. आपल्या गाडीला ते पाजलं काय आणि साधं पाजलं काय, बारा ते बाराच."

"मोजून बघू," गायकर म्हणाले. मोजण्यावर वाद घालायचा नाही, हा त्या घरातला कायदा होता.

टाकी-टू-टाकी मोजायचं ठरलं. टाकी काठोकाठ भरायची, गाडी फिरवायची, पुन्हा तितकीच काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जेवढं मावेल तेवढंच गाडीने प्यायलेलं. पंपावर नळी आपोआप बंद होते त्यावर गायकरांचा विश्वास नव्हता. त्यांनी खडू नेला होता. चारही चाकांभोवती त्यांनी जमिनीवर खुणा केल्या, म्हणजे पुढच्या वेळी गाडी तिथेच उभी राहील. मग टाकीतली हवा निघून जावी म्हणून गाडी हलवायची. एका बाजूने अमित, दुसऱ्या बाजूने माधवी, आणि कमळाबाई देवळात घंटा मोजाव्यात तशा मोजतायत. वीस हिसके. मागे रांग लागली. एक रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "काका, झोपलं का बाळ? मग निघा आता."

पुढचे पंधरा दिवस गायकर गाडी रोज बदलापूरकडे नेत. कमळाबाई सोबत. तीन दिवस बहिणीने चहा केला. चौथ्या दिवशी तिने हळूच विचारलं, "कमळे, घरी भांडण झालंय का?"

पाचव्या दिवशी गायकरांना पहिला धक्का बसला. सकाळी गाडी उभी केली तेव्हा पेट्रोलचा काटा पाऊण खुणेच्या खाली होता. दुपारची झोप काढून चारला खाली आले तर काटा पाऊणच्या वर. त्यांनी काचेवर टिचकी मारली. काटा वरच. बिल्डिंगची जमीन एका बाजूला खचली असेल म्हणून त्यांनी गवंड्याकडून लेव्हल आणली आणि बॉनेटवर ठेवून बघितली. बुडबुडा बरोबर मध्ये. आठव्या दिवशी काटा पुन्हा चढला. अकराव्या दिवशी तो चढला तेव्हा गायकरांनी त्याच्याकडे बघायचंच सोडलं. चौतीस वर्षांत मोजमापाकडे पाठ फिरवण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. भाकरीला दोनदा पेट्रोलचा वास आला, तोही त्यांनी गिळला.

दोनशे चाळीस किलोमीटर झाले. पंप तोच, नळी तीच, खडूच्या खुणा पुसट झालेल्या पण तिथेच. वीस हिसके. टाकीत मावलं आठ लिटर.

"तीस," माधवी म्हणाली.

अमितने मोबाईलवर हिशेब केला. मग पुन्हा केला. मग जरा बाजूला जाऊन तोंडातल्या तोंडात आणखी काहीतरी वजाबाकी केली आणि परत येऊन बापाचा हात धरला. "बाबा, मी चुकलो. प्रीमियममध्ये दम आहे."

गायकरांचा चेहरा मात्र पास झालेल्या मालासारखा दिसत नव्हता. तेरा वर्षांची गाडी तीस देत नाही, हे त्यांच्या हातांना कळत होतं. पण खिशात चावी होती, कमळाबाई हसत होत्या, आणि नापासाचा शिक्का मारायला हात उठेना.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. कमळाबाईंनी भजनात सांगितलं. तिथे तीसचे पस्तीस झाले. माधवीने ऑफिसात सांगितलं, तिथे चाळीस. अमित उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, जितेश सेठच्या जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याने सेठला सांगितलं, आणि शिलाई मशीनच्या आवाजात सेठला काय ऐकू आलं देव जाणे, पण दुसऱ्याच दिवशी अमित खाली मान घालून घरी आला.

"सेठना गाडी हवीय."

"कुठली?"

"आपली. मालाचे नमुने घेऊन दिवसभर कल्याणला फेऱ्या असतात त्यांच्या. म्हणतात, अशी गाडी तुमच्या घरी उभी राहून काय करते."

"पास झाली तर ठेवायची, असं ठरलं होतं."

"हो बाबा. पण सेठनी मागितलीय." अमितने 'सेठ' हा शब्द असा काही उच्चारला की त्यात त्याचा पगार, घराचा हप्ता आणि तीन वर्षांपासून होईल होईल म्हणून सांगितलेली बढती, सगळं ऐकू आलं.

गायकर उठले, भिंतीला टेकून उभे राहिले आणि कारखान्यात वापरायचे त्या आवाजात म्हणाले, "रीडिंग खोटं आहे. टाकीत पेट्रोल कोणी ओतलं?"

स्वयंपाकघरात कुकर तेवढा एकदा बोलून गप्प झाला.

"चार लिटर," कमळाबाई शेवटी पुटपुटल्या. "तुम्ही झोपलात की. शेजारच्या किसनभाऊंच्या जुन्या मोटारसायकलीची नळी काढून बाटली भरून आणायचे. चारच लिटर हो. बाकीचं प्रीमियमचंच. मी हिशेब केला ना, चार धरूनसुद्धा वीस येतं."

"आई," माधवी म्हणाली, "तुम्हीपण?"

"पण म्हणजे?"

"मी तीन ओतलं. रिक्षाने स्टेशनला जायचं म्हणजे रोजची रांग, म्हणून बाबांची गाडी राहावी असं मला… आणि तीन धरून बावीसच्या जवळ येत होतं. मला वाटलं, तीनने काय होतंय."

आता सगळे अमितकडे बघत होते. अमित मोबाईलकडे.

"पाच," तो म्हणाला.

"अरे, अट तूच घातली होतीस ना?" कमळाबाई म्हणाल्या.

"घातली. घालून झाल्यावर बाबांचा हात सारखा खिशाकडे जाताना बघितला." त्याने मोबाईल उलटा ठेवला. "पाच वजा करूनही अठरा येत होतं. मी खरंच प्रीमियमवर विश्वास ठेवला."

गायकरांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. चार, तीन, पाच. बारा. त्यात मावलेले आठ. वीस. दोनशे चाळीस भागिले वीस.

"बारा," ते म्हणाले. साधं पेट्रोल बारा, प्रीमियम बारा. आयुष्यातलं सगळ्यात चोख मोजमाप त्यांनी केलं होतं आणि ते कोणाच्याच कामाचं नव्हतं. खरं सांगावं तर गाडी अमितच्या अटीने जाते. गप्प बसावं तर सेठच्या हट्टाने जाते. त्यांनी खरं सांगायचं ठरवलं. गेलीच तर निदान पावती बरोबर फाडून जावी.

सेठ दुसऱ्या दिवशी दुपारी आला. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि देवाला हात लावावा तसा बॉनेटला हात लावला. गायकरांनी त्याला सगळं सांगितलं. चार, तीन, पाच, वीस हिसके, कॅलेंडरसुद्धा दाखवलं.

सेठ शांतपणे ऐकून घेत होता. मग हसला. "काका, पेट्रोल चोरणारे लय बघितले. गाडीतनं काढतात लोक. चोरून आत कोण टाकतो? और वो भी घरके तीन लोग, एक-दुसरे को बताए बिना?"

"शपथ घेतो."

"बस काका, समझ गया. तुमको बेचना नहीं है." सेठने खिशातून फोन काढला. "चलो, दहा हजार वरती. अमितभाई, तू बोल अपने पिताजी को."

अमित बापाकडे बघत राहिला. गायकरांनी आणखी दोनदा सांगून बघितलं, आणि दोन्ही वेळा किंमत वाढली. तिसऱ्यांदा सांगायची त्यांना भीती वाटायला लागली. तोंड उघडावं तर फसवणूक आणखी महाग होत होती. शेवटी त्यांनी खिशातून चावी काढली. सेठने ती डोळ्यांना लावली.

रविवारी ते आणि कमळाबाई शेअर रिक्षाने निघाले. बदलापुरात दुसरी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. जयदेव दारातच उभा होता. "काय दादा, गाडी?"

"विकली."

"प्रीमियमने भाव आला ना? सांगत होतो."

गायकरांनी पाणी मागितलं.

दहा दिवसांनी अमित संध्याकाळी जेवला नाही. सेठने प्रीमियम घालून गाडी चालवली होती आणि ती अकरा देत होती. सेठ रागावला नव्हता, हेच वाईट होतं. तो एवढंच म्हणाला होता, "अमितभाई, तेरे घर पे तीस, मेरे घर पे ग्यारह. गाडी वही है. मतलब फरक आदमी में है. आज टाकी फुल्ल केली, सोमवारी परत भरून टाकी-टू-टाकी बघू." बढतीची फाईल टेबलावरच होती. त्यावर त्याने पाण्याचा ग्लास ठेवला होता.

शनिवारी गायकरांना दुपारी झोप आली नाही. स्वयंपाकघरात आले तर कमळाबाई नरसाळं लावून बाटली भरत होत्या. खिडकी उघडी, गॅस खालून बंद केलेला.

"हे काय चाललंय?"

"पोराची नोकरी आहे," त्या म्हणाल्या, मान वर न करता.

"आपली गाडी नाही ती आता."

"मुलगा आहे ना आपला."

गायकरांनी पुढे होऊन बाटली घेतली, झाकण दोनदा फिरवून घट्ट केलं आणि कापडी पिशवीत घातली. "तुझे गुडघे दुखतात," ते म्हणाले. "मीच जातो." गाडीची दुसरी चावी सेठला द्यायची राहून गेली होती. ती टीव्हीशेजारच्या खिळ्याला होती, आणि का राहिली होती हे आजवर कोणीच कोणाला विचारलं नव्हतं.

शेअर रिक्षात शेजारच्या बाईने नाकाला पदर लावला. "काय आहे हो पिशवीत?"

"औषध," गायकर म्हणाले.

"कोणासाठी?"

"मुलासाठी."

ती सरकून बसली.

कॅम्प तीनच्या त्या गल्लीत दुपारी जीन्सचे गठ्ठे उतरत होते. निळी गाडी कारखान्याच्या भिंतीला लागून उभी होती. आरशाला लिंबू-मिरची. गायकर आपल्याच गाडीकडे चोरासारखे गेले. आडोशाला वाकून दुसऱ्या चावीने टाकीचं झाकण उघडलं आणि नरसाळं लावून बाटली तिरकी केली.

घोटभर गेलं आणि थांबलं. पेट्रोल नरसाळ्यात तसंच उभं राहिलं. त्यांनी नरसाळं उचलून आत वाकून बघितलं. टाकी काठोकाठ होती. खाली मातीत, झाकणाच्या बरोबर खाली, आधीच दोन ओले डाग पडलेले होते. एक जरा जुना, एक ताजा. माधवीचं ऑफिस शनिवारी अर्धा दिवस असतं. अमित तर इथेच असतो, सेठच्या चावीपाशी.

हातातली बाटली जवळजवळ भरलेली होती. गायकरांनी सवयीने पुन्हा एकदा ओतून बघितलं.

जात नव्हतं.

वरच्या मजल्याच्या खिडकीतून सेठचा आवाज आला, "अरे काका, तुम्ही? वर या ना, चाय मागवतो." आणि गायकर एका हातात नरसाळं, दुसऱ्या हातात बाटली घेऊन, आता कुठलं आधी लपवावं हे न कळून, तिथेच उभे राहिले.