त्याच्या वाट्याचं पाणी

"हा झाला की एक तुझ्या मापाचा शिवून टाक," नवरा म्हणाला.

टेलरबाईचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. मशीनवर पांढरा झगा होता आणि त्याच्या खालच्या दुमडीत ती शिशाचे बारके तुकडे बसवत होती. नवऱ्याच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेणारा माणूस हौदात उतरतो आणि पाळक त्याला पाण्यात पूर्ण बुडवून वर काढतात. दुमडीत वजन नसलं तर झगा पाण्यावर फुगतो आणि सगळ्यांदेखत फजिती होते. लग्न होऊन आल्यापासून हे झगे तीच शिवत होती.

"माझ्या मापाचा कशाला?"

"मला चर्चच्या कारभारी मंडळावर घेतायत." त्याने बसड्रायव्हरचा खाकी शर्ट खुंटीला अडकवला. आनंद लपवायचा त्याचा प्रयत्न साफ फसला होता. "पण बायको सभासद पाहिजे म्हणतात. आणि तुझा बाप्तिस्मा ते धरत नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे गं. एक डुबकी मार आणि मोकळी हो."

"माझा झालाय."

"तान्ही होतीस तेव्हा. कपाळावर चमचाभर पाणी. त्याला काय बाप्तिस्मा म्हणायचं?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं ती त्याच्या चर्चला जात होती. तिथली गाणी तिला माहेरच्या चर्चमधल्या गाण्यांपेक्षा जास्त पाठ होती. कुणी आजारी पडलं की डबा पोचवायला सगळ्यांना तीच आठवायची. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, बाई, तुमच्या कपाळावर पाणी किती पडलं होतं?

"पाळकांना सांगा, मी भेटायला येतेय," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

पाळक तिच्याहून लहान होते, बोलायला गोड. चर्चच्या मागच्या खोलीत त्यांनी तिला आणि नवऱ्याला खुर्च्या दिल्या. दोरीवर टॉवेल वाळत होते.

"ताई, तुमच्या आईवडिलांची श्रद्धा कोण नाकारतंय? पण आम्ही मानतो, आधी विश्वास, मग पाणी. बाप्तिस्मा म्हणजे माणसाने स्वतः दिलेला होकार. तान्हं बाळ कसला होकार देणार? आणि पाण्याखाली जायचं ते जुनं आयुष्य पुरण्यासाठी. वर यायचं ते नव्याने उठून. नुसत्या थेंबांत ते दिसत नाही."

"आमच्याकडे म्हणायचे, देव आधी हाक मारतो. ओ द्यायला आख्खं आयुष्य पडलंय. मी देतेच आहे की ओ. दर रविवारी तुमच्यासमोरच देते."

"मग अडचण काय आहे? तीच ओ पाण्यात उतरून द्या."

नवऱ्याने मान डोलावली. ते पाहून तिचा उरलासुरला संयम सुटला.

"अडचण सांगते. आम्ही दोघं होतो. जुळी. दिवस भरायच्या आतच झालो. मी आणि माझा भाऊ."

नवरा वळून तिच्याकडे बघायला लागला.

"नर्स म्हणाली, ही दोघंही राहत नाहीत. फादरना बोलवायला वेळच नव्हता. आमच्यात अशा वेळी बाप्तिस्मा कुणीही दिला तरी चालतो, म्हणून तिनेच पेल्यातलं पाणी घेतलं, आधी त्याच्या कपाळावर घातलं, मग माझ्या. आईने नावं सांगितली. दुपार व्हायच्या आत तो गेला. मी का राहिले, कुणालाच ठाऊक नाही. मुलं किती, असं कुणी विचारलं की आई शेवटपर्यंत दोन म्हणायची." तिचा आवाज चढला. "आणि आमचे फादर तरी काय शहाणे! त्यांनी नंतर त्या नर्सची उलटतपासणी घेतली. बाप्तिस्म्याचे शब्द बरोबर म्हणालीस का? पाणी कातडीला लागलं का? बाईच्या मांडीवर मेलेलं लेकरू, आणि ह्यांना शब्दांची पडलेली!"

पाळक हळूच म्हणाले, "ताई, अशा बाळांना देव तसाच जवळ घेतो. आम्ही तर मानतो, त्यांना बाप्तिस्म्याची गरजच नसते."

"त्याला नसेल. आईला होती." ती उभी राहिली. "मी तुमच्या हौदात उतरले तर काय कबूल करणार? की तेव्हाचं पाणी नुसतंच पाणी होतं. माझं नुसतं पाणी, तर त्याचंही नुसतंच पाणी. मला पुढे सगळं मिळालं हो. शाळा, संसार, पोरं. त्याला एक नाव मिळालं आणि ते ओंजळभर पाणी. तेवढंही मी काढून घेऊ? आणि ते कशासाठी? ह्यांना पुढच्या खुर्चीत बसायला मिळावं म्हणून?"

"नियम मी केलेला नाही, ताई."

"पण दाराशी उभे तुम्हीच आहात ना!"

परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस."

"भाऊ गेला, हे सांगितलं होतं."

"जुळा होता, हे नाही सांगितलंस."

"तुम्ही विचारलंत कधी?"

मंडळावर एका फर्निचरवाल्याची वर्णी लागली. नवऱ्याने काही दिवस भांडी आदळली, कुणावर ते त्याचं त्यालाच कळत नसावं. बाप्तिस्म्याचे झगे तिने वेळेवर पोचवले. ते घालणाऱ्या पोरींचा काय दोष? पण आपल्या मापाचा काही तिने शिवला नाही.

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर प्रभुभोजनाची भाकर बाकाबाकांवरून फिरू लागली. सभासदांनी एकेक तुकडा घ्यायचा आणि ताट पुढे द्यायचं. तिच्यापाशी आलं की ती नेहमी न घेताच ते पुढे सरकवायची, तशी तिला सवयच झाली होती. या खेपेस ताट आधी नवऱ्याकडे आलं. त्याने ते घेतलं, तिच्यासमोरून पलीकडच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात दिलं आणि हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले.

"अहो, तुम्ही घ्या की," ती कुजबुजली. "तुमचं कुठे काय अडलंय?"

"गप्प बस."

म्हातारे गृहस्थ ताट धरून गोंधळले. त्यांना वाटलं, हा चुकून राहिला. त्यांनी ते परत पुढे केलं. नवऱ्याने मान हलवली. पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं. पाळकांनीही पाहिलं आणि नजर पुस्तकात घातली.

तिचा राग उतरला नव्हता. पाळकांवरचा नव्हता, फादरवरचा नव्हता, आणि चमचाभर पाणी म्हणणाऱ्या ह्या माणसावरचा तर नव्हताच. गाणं सुरू झालं. तिने दोघांच्या मधे ठेवलेली आपली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.