मागे ठेवलेल्या बरणीची सफर

मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझं झाकण कधीच हरवलंय, त्यामुळे हल्ली माझ्या पोटात काही राहत नाही. तेव्हा मित्रांनो, बसा जरा. आज सगळं सांगूनच टाकते.

माझा जन्म एका काचेच्या कारखान्यात झाला. तिथल्या भट्टीची आठवण काढली तरी मला अजून घाम फुटतो, आणि काचेला घाम फुटणं म्हणजे काय ते थंडीत खिडकीजवळ बसणाऱ्यांना विचारा. आम्ही बहिणी इतक्या सारख्या होतो की आईलाही आम्हाला वेगळं ओळखता आलं नसतं. आमची आई म्हणजे एक लोखंडी साचा. ती एकीला सोडायची आणि लगेच दुसरीच्या तयारीला लागायची. लाड वगैरे काही नाही.

तिथून आम्ही पुठ्ठ्याच्या पेट्यांतून एका शेडमध्ये आलो. घराच्या मागे पत्र्याची शेड, आत स्टीलचं लांब टेबल, कोपऱ्यात हे एवढं पातेलं, आणि सगळीकडे संत्र्याच्या सालीचा वास. हा वास माझ्यात इतका मुरलाय की कितीही घासा, जात नाही. ही शेड काकूची. काकू म्हणजे माझी नव्हे, जिची होती ती पुतणी शाळेतून आली की दप्तर कोपऱ्यात टाकून "काकू" अशी हाक मारतच आत शिरायची. मग मीही काकूच म्हणायला लागले.

काकू संत्र्याचा जॅम करायची. पूर्वी बाजारात तिचं एक टेबल होतं. लोक घरून डबे आणायचे, काकू वजन करून जॅम घालायची, आणि काटा बरोबर मध्ये आला की वर आणखी एक चमचा. हा वरचा चमचा सगळ्या बाजारात प्रसिद्ध होता. काही लोक तर जॅमसाठी कमी आणि त्या चमच्यासाठी जास्त यायचे. वजन झाल्यावर हात थांबला तर ते काकूला कसंसंच वाटायचं, जणू कुणाला दारातूनच परत पाठवलंय.

एकदा सुट्टीवर आलेल्या एका परदेशी बाईनं तो जॅम चाखला. चष्मा गळ्यात दोरीला अडकवायची सवय, म्हणून घरात तिचं नाव पडलं चष्मेवाली. तिच्या देशातल्या किराणा दुकानांसाठी माल निवडायचं काम तिच्याकडे होतं. तिनं काकूला दुकानातली एक फळी देऊ केली. गुडघ्याच्या उंचीची का होईना, पण पूर्ण फळी. माल चालला तर कायमची, नाही चालला तर दुसऱ्या कुणाची. त्या एका फळीसाठी काकूनं बाजारातलं टेबल सोडलं. दोन्ही सांभाळणं शक्यच नव्हतं. टेबल सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तिथं मोजे विकणारा बसला. म्हणजे आता परत जायला जागाच उरली नव्हती.

मग आमच्या अंगावर लेबलं आली. पुढे संत्र्याचं चित्र आणि मागे परक्या भाषेतलं बारीक लिखाण. माझ्याच पाठीवर काय लिहिलंय ते मला वाचता येईना. सांगा, अशानं कुणाला चैन पडेल? पुतणी तेवढी ती भाषा शाळेत शिकलेली. ती मोठ्यानं वाचायची, "उघडल्यावर थंड जागी ठेवा." काका विचारायचे, "कुणाला, आपल्याला?" काका म्हणजे काकूचे यजमान. व्हॅन चालवायचे, पेट्या उचलायचे आणि अधूनमधून असले प्रश्न विचारायचे.

भरायचा दिवस आला. गरम जॅम पळीनं आमच्यात पडत होता. प्रत्येक बरणी मानेपर्यंत भरली की काकू वरून एक चमचा घालायची. जॅम अगदी काठाला टेकायचा.

"अगं, जरा जागा राहू दे," काका म्हणाले. "झाकण बसता बसत नाहीये."

"परकी माणसं आहेत ती," काकू म्हणाली. "पहिल्याच भेटीत बाईनं हात आखडला म्हणतील. तुम्ही झाकणं लावा, भरायचं माझ्यावर सोडा."

काकांनी काठावरचा जॅम फडक्यानं पुसला आणि झाकण जोर लावून फिरवलं. मला वाटलं, वा, काय भरगच्च दिसतोय आपण. आता जहाज, समुद्र, परदेशातलं दुकान. लोक कसले कपडे घालत असतील तिथं? बरणी हातात घेऊन आधी पुढचं चित्र बघत असतील की मागचं वाचत असतील? मी प्रश्नांची यादीच करून ठेवली होती.

आणि नेमकं मलाच मागे ठेवलं.

त्याचं असं की बाहेर माल पाठवताना त्याच मालातली एक बरणी आपल्याकडे जपून ठेवतात. तिला म्हणतात राखीव. तिकडून तक्रार आली तर ही बघायची, म्हणजे खरं काय ते कळतं. पुतणीनं डोळे मिटून पेटीत हात घातला आणि वर आले मी. माझ्या बहिणी पेट्यांत बसल्या, पेट्या व्हॅनमध्ये गेल्या, व्हॅन बंदराकडे गेली आणि मी दाराजवळच्या फळीवर. समोर काय, तर भिंतीवरचं कॅलेंडर आणि काकांची टोपी. मी किती रुसले होते म्हणून सांगू. पण बरणीचा रुसवा कुणाला दिसतो?

बरेच दिवस गेले. काकू रोज फोनकडे बघायची आणि बघितलंच नाही असं दाखवायची. मग एका दुपारी चष्मेवालीचा व्हिडिओ कॉल आला. ती खूप वेळ बोलली. पुतणी ऐकत होती.

"काय म्हणतेय?" काकूनं विचारलं.

"म्हणतेय, जरा चिकट झालंय."

"एवढं सगळं बोलली आणि अर्थ फक्त जरा चिकट? नीट सांग, बये. मी काय कुकुलं बाळ आहे?"

पुतणीनं मग एका दमात सांगून टाकलं. "पेट्या ओल्या झाल्यात. झाकणांखालून जॅम बाहेर आलाय. काहींवर बुरशी आहे. एकही बरणी दुकानात मांडता येणार नाही. कारण शोधून लवकर कळवा म्हणतेय, नाहीतर फळी दुसऱ्याला द्यावी लागेल."

फोन बंद झाला. मला बहिणींचं वाईट वाटत होतं. आणि खरं सांगू? वाईट वाटता वाटता मनात हेही येत होतं, की असं झालं तरी कसं?

"झाकणवाल्यानं फसवलं," काका म्हणाले. "मी तेव्हाच ओळखलं होतं."

"तेव्हा तुम्ही त्याच्याकडे बसून चहा पीत होतात," काकू म्हणाली. "राखीव काढा ती."

मला खाली घेतलं, पुसलं, उजेडासमोर धरलं. माझ्यात बुरशी नाही, अंग कोरडं, रंग झक्क. काकूनं सुटकेचा निःश्वास टाकला. "जॅम चांगला आहे. म्हणजे आपली चूक नाही."

"पण काकू, ही गेलीये कुठं?" पुतणी म्हणाली. "कॅलेंडर बघत बसून होती. बाकीच्या जहाजावरच्या लोखंडी डब्यात बंद, वर ऊन, खाली लाटा. हिनं काय बघितलंय जगात?"

बोलणं झोंबलं मला. पण खोटं कुठं होतं?

"मग आता हिला जहाजात बसवतेस की काय?" काका म्हणाले.

"जहाज नाही. तुमच्या व्हॅनमध्ये."

आणि मित्रांनो, अशी माझी सफर ठरली. सोबतीला आणि ताडून बघायला म्हणून पुतणीनं एक नवी बरणी भरली, पण मानेशी थांबली. वर बोटभर जागा मोकळीच. काकूला ते बघवेना. तिनं सवयीनं चमचा उचलला. पुतणीनं बरणी पाठीमागे लपवली.

"हात लावायचा नाही."

"अगं, किती ओकीबोकी दिसतेय ती."

"दिसू दे. झाकण लाव म्हणजे झालं."

अंगणात भर उन्हात व्हॅन उभी केली, दारं खिडक्या बंद, आणि मागे एका पेटीत आम्ही दोघी. मधूनमधून काका यायचे, व्हॅन खड्ड्याखड्ड्यांतून एक चक्कर मारायचे, पुढच्या सीटवरून "भरती आली" असं सांगायचे आणि परत उन्हात उभी करायचे. असं रोज चाललं होतं. शेजारची माणसं कुंपणापाशी थांबून बघायची. काका त्यांना म्हणायचे, "बरण्या फिरायला नेतोय," आणि त्यापुढे कुणी काही विचारायचं नाही.

आत भट्टीच होती. तापल्यावर जॅम फुगायला लागला. पण फुगून जाणार कुठं? वर झाकण, बाजूला मी. तो झाकणाला ढुशा द्यायला लागला. शेजारीण मात्र निवांत. तिच्यातलाही फुगत होता, पण त्याला वर बोटभर अंगण होतं.

"ताई, बाहेर पडायची एवढी घाई का?" तिनं विचारलं.

"मला कसली घाई? आतल्याला आहे," मी म्हणाले, आणि तेवढ्यात झाकणाच्या कडेनं एक चिकट थेंब माझ्या गळ्यावरून खाली आला. मग दुसरा. लेबलवरचं संत्रं भिजलं.

व्हॅनचं दार उघडलं तेव्हा तिघंही वाकून बघत होते. शेजारीण कोरडी ठणठणीत. आणि मी, काय सांगू, सगळी बरबटलेली. काकूनं माझं झाकण काढून बघितलं. बाजूनं बोट फिरवलं. काठावर वाळलेला जॅम होता, तिनंच वरून घातलेला.

ती पालथ्या पेटीवर बसली. "म्हणजे मी जास्त दिलं, म्हणून नासलं."

पुतणी तिच्याशेजारी जमिनीवरच बसली.

"बाजारात लोक डबा घरी न्यायचे आणि संध्याकाळी पोळीला लावायचे," काकू स्वतःशीच म्हणाली. "त्या डब्याला कुठं समुद्र ओलांडायचा होता."

काका खाकरले. "असं कर. जहाजावर उन्हात ठेवलं म्हणून झालं, एवढंच सांग. खोटं थोडंच आहे ते? फळी राहील."

काकूनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही काय करणार? कारण तेवढं सांगितलं असतं तर कुणाला काही कळलंच नसतं.

"जहाज पुढच्या खेपेलाही उन्हातनंच जाणार," ती म्हणाली. "लाव फोन. आणि हे बघ पोरी, मी बोलेन तसंच्या तसं सांगायचं. मधेच मऊ करायचं नाही."

पुतणीनं फोन लावला. काकूनं मला तशीच बरबटलेली कॅमेऱ्यासमोर धरली. आणि मित्रांनो, मला दिसलं ना ते दुकान. चष्मेवालीच्या मागे फळ्याच फळ्या, खच्चून भरलेल्या, नाना रंगांचे डबे, बाटल्या, पुडे. आणि खाली एक फळी रिकामी. एक माणूस गुडघ्यांवर बसून ती ओल्या फडक्यानं पुसत होता. जॅमचा डाग निघत नव्हता, तर नखानं खरवडत होता. आमची फळी होती ती.

काकूनं सगळं सांगितलं. वरचा चमचा, काठ, व्हॅन, सगळं. चष्मेवालीनं चष्मा काढला, परत घातला.

"ती विचारतेय," पुतणी म्हणाली, "प्रत्येक बरणीत जास्त घातलंत? कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? देताना घालतात," काकू म्हणाली.

हे तिकडे पोचायला जरा वेळ लागला. मग उत्तर आलं. पुतणी एकेक शब्द जपून सांगत होती. "ती म्हणतेय, माल खराब का होतो याची सगळी कारणं त्यांनी तपासली. कमी भरलेलं, पातळ, कच्चं. जास्त दिल्यामुळे होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एक लहान खेप पाठवा म्हणतेय. फळी तोवर थांबेल. पण एकदाच."

मला रिकामं केलं, धुतलं आणि नवं काम दिलं. पुतणीनं नेलपॉलिशची बाटली आणली आणि माझ्या गळ्याभोवती लाल रेघ ओढली. इथं थांबायचं. आता मी टेबलाच्या डोक्याशी उभी असायचे आणि सगळ्या बरण्या माझ्याकडे बघून भरल्या जायच्या. काय रुबाब होता माझा. काकू प्रत्येक बरणीशी थांबायची. हातातला चमचा हवेत तसाच. तो परत पातेल्यात घालणं तिला काही जमेना. शेवटी तिनं शेजारी एक वाडगं घेतलं आणि प्रत्येक बरणीचा वरचा चमचा त्या वाडग्यात घालायला लागली.

वाडगं भरलं. दुसरं भरलं. सगळी खेप संपली तेव्हा त्या चमच्यांमधून आणखी एक पेटीभर बरण्या निघाल्या. त्याही लाल रेघेपर्यंतच हं.

"ही पेटी कुणाची?" काकांनी विचारलं. "ऑर्डरमध्ये नाही ही."

"आपला चिकटा ज्यांनी पुसला त्यांची."

"कागदावर दाखवावी लागेल."

"मग दाखवा."

ती खेप कोरडी पोचली. फळी भरली, रिकामी झाली, परत भरली. पुढे ती गुडघ्यावरून कमरेपाशी आली असं ऐकलं. कसं दिसत असेल ते, याचा मी अजून विचार करते.

मग भरणारं यंत्र आलं. ते स्वतःच थांबतं, त्याला लाल रेघ लागत नाही. मला कुणी टाकून दिलं नाही, पण कुणी विचारलंही नाही. काही दिवस माझ्यात चमचे होते, मग पेन्सिलींचे तुकडे, मग एक गंजका स्क्रू. पुतणी शिकायला दूर गेली. आता शेडच्या खिडकीत मी धूळ खात असते. राखीव बरण्या मात्र अजून फळीवर येतात आणि मला हळूच विचारतात, "ताई, तिकडे कसं असतं?" मी त्यांना नखानं डाग खरवडणाऱ्या माणसाचं सांगते. त्यांना ते आवडतं.

तर मित्रांनो, दुकानातून बरणी आणलीत आणि तिच्यात वर बोटभर रिकामी जागा दिसली, तर भरणाऱ्यानं हात आखडला असं लगेच ठरवू नका. ती लांबून आली असेल. आतलं संपलं की तिला कचऱ्यात टाकू नका. गरम पाण्यानं धुवा, उन्हात पालथी घाला, मग तिच्यात हवं ते ठेवा. काहीच ठेवायचं नसेल तरी चालेल. फक्त तिला रस्त्याकडच्या खिडकीत ठेवा. आम्हाला बघायला फार आवडतं.