सातव्या पट्टीची खोड

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याने एक दुपार माझ्या दुकानात येऊन बसावं.

मी गिटारी दुरुस्त करतो. एकतीस वर्षांपूर्वी आपल्या घोगऱ्याच्या, त्या प्रसिद्ध गायकाच्या, गिटारीची दांडी मीच केली. तेव्हा त्याच्या गाण्याला काळं कुत्रंही विचारत नव्हतं. दांडीवर धातूच्या पट्ट्या ठोकताना सातवी पट्टी केसभर मागे बसली. चुकलो. त्या जागी सूर किंचित उतरायचा. माझ्या लक्षात आलं तोवर तो गिटार घेऊन दौऱ्यावर निघून गेला होता.

मग त्याची पहिली रेकॉर्ड आली आणि ऐकून मी गारच पडलो. सातव्या पट्टीवर तो उतरलेला सूर धरायचा, मग तार ओढायचा, आणि सूर कळवळत जागेवर यायचा. माझं पाप तो बोटाने निस्तरत होता! लोक म्हणाले, काय ही शैली. मी मूग गिळून गप्प बसलो, ते एकतीस वर्षं.

घोगऱ्या गेल्या वर्षी गेला. परवा त्याची थोरली बहीण ती गिटार घेऊन दुकानात आली.

"भाऊ, पट्ट्या पार झिजल्यात. संग्रहालयात ठेवणार आहेत. सगळ्या नव्या घाला."

"सगळ्या?"

"सगळ्या. काही चुकलंमाकलं असेल तर तेही नीट करा."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! पट्टी बसते ती जुनी खाच बुजवायची, नवी बरोबर जागी पाडायची. माझी लाज गुपचूप पुसली गेली असती. मी पट्टी काढायची पक्कड हातात घेतलीसुद्धा.

तेवढ्यात आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर आले आणि भिंतीवरची नवीकोरी गिटार काढून घोगऱ्याचं गाणं वाजवू लागले. कारखान्यातली, सगळ्या पट्ट्या जिथल्या तिथे. तरी सातव्या पट्टीच्या सुराशी आले आणि मुद्दाम एक पट्टी खालून सूर धरून त्यांनी तार ओढली.

"डॉक्टर, ती पट्टी बरोबर आहे," मी खेकसलो. "ओढताय कशाला?"

"म्हणजे? तो सूर असाच लावतात ना?" डॉक्टर गोंधळून म्हणाले.

आणि आतल्या खोलीत भाजी निवडणाऱ्या माझ्या बायकोने तीच ओळ गुणगुणत उचलली. तिनेही तिथेच सूर ओढला. तिने जन्मात गिटारीला हात लावलेला नाही. माणूस गेला, आणि त्याच्या बोटाची सवय हिच्या गळ्यात! मी पक्कड खाली ठेवली.

डॉक्टर गेल्यावर बहिणीला सगळं खरं सांगून टाकलं. सांगताना मान वर होत नव्हती.

ती हसली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "अहो भाऊ, त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग परत का नाही आला?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, अक्का, त्याला सांगू नकोस हं. दुरुस्त करून टाकेल."

मी सगळ्या पट्ट्या बदलल्या. सातवीही नवीच घातली. जुन्याच खाचेत, केसभर मागे, या वेळी मोजून.