शनिवारपर्यंत राहू दे

कोल्हे. कावळे. क्वचित कुणाची सुटलेली कुत्री.

*

पिवळी शेवंती, दोन जुड्या. झेंडू मिळत नाही.

*

'इथं माझ्या गाडीतच असते. कायद्यानं. हक्क आहे आपला.' ह्यूस्टनहून संग्राम, खाली अंगठ्यांची रांग.

*

या गृहस्थाला तुम्ही किती वर्षांपासून ओळखता?

*

सात नंबरच्या खाटेवरची बाई म्हणाली, डॉक्टर, तुम्ही झोपता तरी कधी?

*

मार्चमध्ये अकरा मेंढ्या. एका रात्रीत.

*

हे सगळं एका बुधवारी सकाळी निशिगंधाच्या डोक्यात एकावर एक येऊन पडलं, आणि डोकं आधीच शिगोशीग भरलेलं होतं. आयर्लंडमधल्या कासलबारच्या हॉस्पिटलात इमर्जन्सीची रात्रपाळी, सलग तेरा तास. नवरा आशिष आठवडाभर सँट्रीला, ऑफिसजवळच्या खोलीवर. घरी होते फक्त अप्पा, तिचे वडील, कोल्हापूरकडच्या गावाहून तीन महिन्यांसाठी आलेले प्रतापराव मोहिते. नऊ वाजता तिनं दार उघडलं, तर बैठकीत पाट मांडलेला. पाटावर लाल खण. त्यावर तिचा जुना स्टेथोस्कोप, विळी, आशिषचा ड्रिल, भाजीची सुरी. आणि या सगळ्यांच्या उशाला एक दुनळी बंदूक. नळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं, दस्त्यावर शेवंती.

"अप्पा, ही कुणाची?"

"पीजेरावांची." अप्पा उदबत्ती लावत होते. "खंडेनवमी हाय न्हवं आज? माझी बंदूक ऱ्हायली गावाकडं. मोहित्यांच्या घरात नुसत्या सुरीची पूजा करायची व्हय? म्हणलं, शेजाऱ्याकडं हाय, मागून बघावं."

पीजे डर्कन म्हणजे बोळापलीकडचा मेंढपाळ, सत्तरीकडे झुकलेला. निशिगंधा या घरात आली त्या पहिल्याच हिवाळ्यात तिची गाडी चिखलातून ट्रॅक्टरनं ओढून काढणारा. कोल्ह्यांपासून आणि कुत्र्यांपासून कोकरं वाचवायला त्याच्याकडे ही बंदूक होती, आणि दर तीन वर्षांनी परवाना नवा करावा लागे. यंदाच्या अर्जावर 'तुम्हाला ओळखणारी व्यक्ती' म्हणून त्यानं निशिगंधाचं नाव दिलं होतं. शुक्रवारी ठाण्यातून तिला फोन येणार होता. आणि ज्या बंदुकीविषयी तिनं ग्वाही द्यायची, ती पीजेच्या कुलूपबंद कपाटात नव्हती. तिच्या पाटावर होती, फुलं घालून.

"अप्पा, इथं हे चालत नाही हो. परवाना ज्याचा, बंदूक त्याच्याच हातात. उसनी देणं गुन्हा आहे. घेणंसुद्धा."

"मी काय उडवतोय व्हय? हळद लावलीया."

त्यांचा फोटोही टाकून झाला होता. कुटुंबाच्या ग्रुपवर एव्हाना जुंपली होती.

संग्राम, तिचा धाकटा भाऊ: 'मस्त अप्पा!! शोभते तुम्हाला.'
निशिगंधा: 'फोटो काढून टाका. इथं गुन्हा आहे.'
संग्राम: 'पूजेला?? कसला देश गं तुमचा.'
पुण्याहून वैदेही, चुलतबहीण: 'पण ताई, शेतात एकटा म्हातारा, कुणी शिरलं घरात तर त्यानं काय करायचं?'
निशिगंधा: 'स्वतःच्या रक्षणासाठी इथं परवाना देतच नाहीत. मेंढ्यांसाठी देतात.'
संग्राम: 'म्हणजे मेंढीला हक्क, माणसाला नाही 😂'

तिनं उत्तर टाइप केलं, अर्ध्यावर खोडलं. हा वाद ती गेली आठ वर्षं घालत होती, दिवाळीच्या फोनवर, कँटीनमध्ये, एकदा चक्क बारशात. दोन्ही बाजूंची वाक्यं तिला पाठ होती आणि दोन्हींचा सारखाच कंटाळा आला होता.

"पण त्यानं दिली कशी?" बूट काढता काढता तिनं विचारलं.

"मागितली, दिली. भला माणूस. मोडकंतोडकं बोललो, तर चटकन उठून घेऊन आला बघ. उलट म्हणाला, घाई न्हाई, शनिवारपर्यंत राहू दे. काडतुसंबी दिली पिशवीतनं. मी म्हणलं, पीजेराव, काडतुसं लागत न्हाईत पूजंला. तरी ठेवून गेला. आन् ही." त्यांनी देव्हाऱ्यातून एक किल्ली काढून दाखवली. "कपाटाची. आता रिकाम्या कपाटाची किल्ली मला कशाला, सांग?"

एक बूट पायात तसाच राहिला.

शनिवारपर्यंत. शुक्रवारी पीजेच्या बायकोला, नोरीनला, जाऊन वर्ष पुरं होत होतं. चर्चच्या दारावर प्रार्थनेची वेळ लावलेली तिनं पाहिली होती. सबंध उन्हाळा पीजेनं कुंपण बांधलं नव्हतं. दाढी वाढली होती. विचारलं की म्हणायचा, ग्रँड, म्हणजे इकडच्या बोलीत एकदम मजेत. आणि ती, जी कालच्या एका रात्रीत तीन अनोळखी माणसांना 'घरी असं काही आहे का, ज्याची तुम्हाला भीती वाटते?' असं विचारून आली होती, ती या माणसाला रोज हात हलवून पुढे जात होती.

"चला," ती म्हणाली.

"कुठं? नैवेद्य हाय अजून."

"पीजेकडे. दाराला कुलूप घाला. पाटाला हात लावू नका."

पीजे स्वयंपाकघरात बसला होता, समोर गार झालेला चहा. तिघांसाठी त्यानं प्रेसमधून कप काढले. कपाटाला इकडे प्रेसच म्हणतात, आणि आता अप्पाही म्हणायला लागले होते. हवामानाचं बोलून झालं. मेंढ्यांचं झालं. निशिगंधाला आडून आडून जायला ताकदच उरली नव्हती.

"पीजे, जीव द्यायचं मनात येतं का?"

हॉस्पिटलात हा प्रश्न विचारताना हातात कागद असतो, गळ्यात ओळखपत्र असतं. शेजाऱ्याच्या टेबलाशी तो फारच उघडा वाटला. अप्पांना इंग्रजी अर्धंच कळायचं, पण ते चहाच्या कपाकडे बघत बसले.

"मी ग्रँड आहे," पीजे म्हणाला.

तिनं कप बाजूला सरकवला. घड्याळ वाजत राहिलं.

"बंदुकीचं कपाट खाटेसमोर आहे," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. "डोळा उघडला की तेच. गेल्या आठवड्यात दोनदा उठून बसलो. मग काल तुझे वडील आले. म्हणाले, देवाला पाहिजे. म्हटलं, आमच्या देवाकडून काही निरोप आला नाही, तुमच्याकडचा तर मागायलाच आलाय. नाही कसं म्हणणार?"

तो हसला. ती हसू शकली नाही.

"शुक्रवारी मला फोन येणार आहे. तुझ्याबद्दल विचारतील."

"काय सांगशील?"

"खरं तेच."

"मग गेली ती. एकदा गेली की परत देतात होय? मार्चमध्ये कुत्र्यांनी एका रात्रीत अकरा मेंढ्या फाडल्या. पुन्हा आली म्हणजे मी दारात उभा राहून काय करू, टाळ्या वाजवू? माझ्या बापानं याच रानात मेंढ्या राखल्या. गावात काय तोंड दाखवू? डर्कनचं डोकं फिरलं म्हणून बंदूक काढून घेतली!"

ग्रुपवर असती तर तिनं दोन ओळींत उत्तर दिलं असतं. इथं तिच्यासमोर अकरा मेंढ्या होत्या, आणि तो होता, आणि दोन्ही खरं होतं.

"काय म्हणतोय?" अप्पांनी विचारलं. तिनं सांगितलं.

"त्यांना सांग, आमच्याकडं इलेक्शन आलं की बंदूक ठाण्यात जमा करावी लागती. साऱ्या गावाची. पाटलाची, सरपंचाची, माझी. पावती मिळती. कोण विचारत न्हाई, तुझं डोकं फिरलंय का. निकाल लागला की पावती दाखवायची, बंदूक घेऊन यायची. जमा केली म्हंजे गेली न्हवं."

तिनं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं.

"निवडणुका किती वर्षांनी असतात तिकडे?" पीजेनं विचारलं.

"सारख्याच," अप्पा तिच्या मदतीशिवाय म्हणाले. "ऑलवेज."

पीजे या खेपेला जरा मोकळा हसला. मग त्यानं तळहातांनी तोंड झाकलं आणि पुष्कळ वेळ काढलं नाही. अप्पा उठले, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले.

गावात बंदुकांचं दुकान असलेला एक परवानाधारक बंदूकवाला होता, तो लोकांच्या बंदुका सांभाळायलाही ठेवून घ्यायचा. पीजेनं स्वतः फोन केला. बोळ ओलांडून आला, पाटापुढे क्षणभर थबकला, टोपी काढली आणि बंदूक स्वतःच्या हातानं उचलली. काडतुसांची पिशवी अप्पांनी दिली, किल्लीही. गाडी पीजेनंच चालवली, कारण निशिगंधाचे डोळे उभ्या उभ्या मिटत होते. वाटेत तिनं फोनवरून त्याच्या डॉक्टरांची दुपारची वेळ मागून घेतली. तिथल्या बाईला 'आजच' हा शब्द तीनदा सांगावा लागला.

बंदूकवाल्यानं नळ्या उजेडात धरल्या.

"हे लाल काय? गंज?"

"नाही," पीजे म्हणाला. "ते राहू दे."

पावती त्यानं चार घड्या करून खिशात घातली.

शुक्रवारी फोन आला. निशिगंधानं सगळं सांगितलं: कपाट, आठवडा, डॉक्टर, पावती. पाटसुद्धा. पलीकडचा अधिकारी लिहून घेत होता.

"आणि तुमचे वडील," त्यानं विचारलं, "परत कधी जाणार आहेत?"

"नोव्हेंबरमध्ये."

"बरं."

परवाना नामंजूर झाला नाही, मंजूरही झाला नाही. डॉक्टरचं पत्र येईपर्यंत अर्ज बाजूला ठेवतो, असं तो म्हणाला. मेंढ्यांसाठी तोवर शेजारच्या कुणा परवानेवाल्याला सांगून ठेवा, असंही म्हणाला. ती म्हणाली, ठीक आहे. 'ठीक आहे' म्हणायलाही तिला दम घ्यावा लागला.

संध्याकाळी नोरीनच्या प्रार्थनेला अप्पा तिच्याबरोबर आले, मफलर गुंडाळून, पीजेच्या मागच्याच बाकावर बसले. सगळे उठले की उठायचे, बसले की बसायचे, एक क्षण उशिरा. फोन खिशात थरथरत होता. संग्राम आणि वैदेही अजून भांडतच होते. तिनं तो बंद केला आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली.

निशिगंधाची आई एकवीस सालच्या मे महिन्यात गेली. अप्पांनी जूनमध्ये आपली बंदूक तालुक्याच्या ठाण्यात जमा केली ती पुढच्या एप्रिलपर्यंत. त्या काळात त्यांच्या गावात कुठलीच निवडणूक नव्हती.